शेवटचा हात

बोल्ट हलेनासा झाला की लोक थोरल्याला हाक मारायचे. खरं नाव त्यालाही होतं, पण ते घेण्याची वेळ दवाखान्यातला कंपाउंडर सोडला तर कुणावर येत नसे. मिस्त्रींचा थोरला जावई, म्हणून तो थोरला. शेड मिस्त्रींची. ट्रॅक्टरच्या मागे जोडायची गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायची, त्यांची पाती बदलायची, एवढंच त्या शेडचं काम. गवत वाढायच्या आधीचे दोन महिने दारात यंत्रांची रांग लागायची, आणि रांगेतल्या जवळजवळ प्रत्येक यंत्राच्या पोटाखाली एखादा बोल्ट असा असायचा की तो माणसाचा अंत बघायचा.

पातं बदलणं म्हणजे काय मोठंसं, असं ज्याने ते कधी बदललं नाही त्याला वाटतं. यंत्र जॅकवर उचला, खाली लाकडी ठोकळे सरकवा, पातं फिरू नये म्हणून एक ठोकळा त्याच्या आड घाला, बोल्ट सोडा, जुनं पातं काढा, नवं लावा. यातलं 'बोल्ट सोडा' म्हणायला फार सोपं आहे. वर्षभर त्या बोल्टवर ओलं गवत आपटलेलं असतं. गवताचा रस वाळून काळा चिकटा झालेला, त्यावर माती आणि मातीखाली गंज. दगड लागून डोक्याचे कोपरे झिजलेले. जोर कमी पडला तर तो हलत नाही, तिरपा पडला तर पाना घसरून बोटांची सालं निघतात, आणि जास्त पडला तर डोकं तुटून हातात येतं नि उरलेला बोल्ट आत ठाण मांडून बसतो.

थोरला या खेळातला पहिलवान होता. पान्याच्या दांड्यावर तो दोन हात लांबीची लोखंडी नळी चढवायचा, एक पाय यंत्राच्या चौकटीला टेकवायचा, छाती भरून श्वास घ्यायचा आणि 'हां!' म्हणून अशी ओढ मारायचा की कटकन आवाज व्हायचा नि शेडमधली चिमणी उडायची. मग तो बोल्ट दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवायचा, दातांच्या डॉक्टरने दाढ दाखवावी तसा. त्याला बघे लागायचे. बघे नसले तर तो उगाच पाना पुसत बसायचा, चहा मागवायचा आणि दोन-चार माणसं जमली की मगच नळीला हात घालायचा. गावोगावचे ट्रॅक्टरवाले त्याचं नाव घेत यायचे. अठरा वर्षं हे असंच चाललं होतं आणि यापुढेही असंच चालणार याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

मग चार वर्षांपूर्वी मिस्त्रींच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं आणि थोरल्याला साडू मिळाला.

हा धाकटा आधी शिलाई मशिनं दुरुस्त करायचा. लोक तयार कपडे घ्यायला लागले, मशिनं माळ्यावर गेली, दुकान बसलं. मिस्त्री म्हणाले, ये आमच्याकडे. थोरल्याने त्याचं मोठ्या मनाने स्वागत केलं, कारण त्याने धाकट्याची बोटं बघितली होती. लांबसडक, बारीक, कागद मोजणाऱ्या कारकुनासारखी. "या बोटांनी बोल्ट काय सुटणार? सुटलंच तर सदऱ्याचं बटण," असं तो सासूबाईंना म्हणाला आणि स्वतःच इतका हसला की त्याला ठसका लागला.

पहिल्याच आठवड्यात खेळाचं मैदान राखणाऱ्या एका मैदानवाल्याचं यंत्र आलं. थोरला दुसरीकडे अडकला होता. धाकटा यंत्राखाली गेला. तारेच्या ब्रशने त्याने बोल्टभोवतीचा सगळा चिकटा खरवडून काढला, कडेने पातळ तेलाचे चार थेंब सोडले आणि चक्क बाहेर येऊन बसला. मैदानवाला म्हणाला, "अहो, काम?" धाकटा म्हणाला, "चाललंय की. तेल करतंय." अर्ध्या तासाने परत आत गेला, हातोडीने बोल्टच्या डोक्यावर हलकेच टकटक केली, पाना लावला आणि सोडायच्या ऐवजी आधी केसभर आवळला. मग उलटा ओढला. ना आवाज, ना आरडाओरडा. मैदानवाला विचारतोय, "लावताय का पाना?" आणि इकडे बोल्ट त्याच्या हातात.

थोरला लांबून बघत होता. त्याच्या छातीत काहीतरी बारीकसं टोचलं. काय टोचलं ते त्याला त्या दिवशी कळलं नाही, पुढे मात्र रोज कळत गेलं.

मत्सर असा एकदम येऊन दार ठोठावत नाही. तो आधी चहाच्या कपातून येतो. सासूबाई डबा घेऊन शेडवर आल्या की पहिला कप इतकी वर्षं थोरल्याला मिळायचा. एक दिवस त्या म्हणाल्या, "अरे, तो सकाळपासून खाली पाठ टेकून पडलाय, आधी त्याला दे." कपच तो, कुणाला आधी कुणाला नंतर. पण थोरल्याला तो चहा कडू लागला. मग बागवाल्या बाई आल्या. त्यांच्या फळबागेत झाडांच्या मधलं गवत कापायला दोन यंत्रं होती, एकाच दिवशी घेतलेली, एकाच निळ्या रंगाची, जुळी म्हणावीत अशी. दरवर्षी त्या थोरल्याचा जोर बघायला मुद्दाम थांबायच्या. त्या वर्षी दारातूनच त्यांनी विचारलं, "तुमच्याकडचे ते हळू काम करणारे कुठे आहेत?" थोरल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो म्हणाला, "हळू काम करणारे कुठे जाणार? इथेच असतील, अजून पहिल्याच बोल्टवर."

घरी तो धाकट्याची नक्कल करायचा. डोळे मिटून, मान तिरकी करून, बोटाने टेबलावर टकटक. बायको हसायची, पण तिचं हसणं त्याला पाहिजे तितकं मोठं नसायचं.

"अहो, तुमच्या पोटात दुखतंय," ती एकदा म्हणाली.

"माझ्या? त्या थेंबेरावामुळे?"

"थेंबेराव म्हणता नि दिवसभर त्याचंच बोलता. नवं लग्न झालं होतं तेव्हा माझ्याबद्दलही एवढं बोलत नव्हता."

पोटात दुखत होतं हे खरं, पण त्याहून जास्त दुखत होता उजवा खांदा. दोन वर्षं झाली होती. नळी ओढली की खांद्यापासून कोपरापर्यंत वीज गेल्यासारखं व्हायचं, आणि सकाळी सदरा घालताना हात वर जायचा नाही. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. मलम तो न्हाणीघरात दार लावून चोळायचा, आणि सगळ्या घरभर त्याचा वास येतो हे त्याच्या डोक्यात यायचं नाही. शेडमध्ये तो अजून नळी ओढायचा, अजून 'हां!' म्हणायचा. फक्त त्या 'हां' मधला अर्धा आवाज आता दुखण्याचा असायचा.

शेडची एक पद्धत होती. बोल्ट कसून झाला की त्याच्या डोक्यावरून पात्यापर्यंत रंगाची एक रेघ ओढायची. पुढे कधी रेघ मोडलेली दिसली तर समजायचं की बोल्ट आपणहून फिरलाय, पातं सुटायच्या बेतात आहे. थोरल्याची रेघ लाल. धाकटा आला तेव्हा त्याला पिवळा रंग दिला, म्हणजे कुणाचं काम ते कळावं. आणि सगळ्यात शेवटी मिस्त्री स्वतः यायचे, एकेका बोल्टला पाना लावून बघायचे आणि रेघेशेजारी पांढरा ठिपका द्यायचे. याला शेडमध्ये 'शेवटचा हात' म्हणत. पांढऱ्या ठिपक्याशिवाय यंत्र दारातून बाहेर जात नसे. फिरतं पातं सुटलं तर ते माणसाचा पाय घेऊन जातं, म्हणून हा शेवटचा हात ज्याचा, शेड त्याची. मालकी कागदावर कुणाची का असेना.

त्या वर्षी मिस्त्रींचे गुडघे बोलायला लागले. खाली वाकलं की उठवायला माणूस लागायचा. एक दिवस ते दोघांच्या देखत म्हणाले, "आठवड्याभरात मी पांढरा डबा एकाच्या हातात देणार. मग मी खुर्चीत बसून तुम्हाला नावं ठेवणार."

एकाच्या! थोरल्याला तो शब्द रात्रभर पुरला. बावीस वर्षं ज्याने खांदा झिजवला त्याच्या बाबतीत 'एकाच्या' कशाला म्हणायचं? सरळ 'तुझ्या' म्हणायचं. म्हणजे म्हाताऱ्याच्या मनात धाकटा आहे. ती बारीक बोटं उद्या आपल्या बोल्टवर फिरणार आणि आपण उभं राहून तोंडाकडे बघायचं की पास झालो का नापास.

दुसऱ्या दिवशी त्याने मिस्त्रींना एकटं गाठलं.

"मामा, बोलू की नको असं झालंय."

"बोलू नको असं वाटलं असतं तर आला नसतास. बोल."

"धाकट्याचे बोल्ट बघितलेत? एका हाताने सुटतात. लोकांना कौतुक वाटतं. पण एका हाताने सुटतात म्हणजे ते कसलेले तरी असतात का? उद्या एखादं पातं उडालं तर?"

कान फुंकायचं काम त्याने असं काळजीच्या आवाजात केलं की त्याला स्वतःलाही ती काळजी खरी वाटली. मिस्त्रींनी गुडघा चोळला. म्हणाले, "बागवाल्या बाईंची दोन्ही यंत्रं आज येतायत. गेल्या वर्षी एक तू बसवलंस, एक त्याने. उद्या सकाळी मी स्वतः पाना लावून बघतो. रेघ कुठे सरकली असेल तर डबा तुझा."

यंत्रं दुपारी आली. त्याच वेळी मिस्त्री जेवून आडवे झाले होते आणि धाकटा सुटे भाग आणायला बाजारात गेला होता. शेडमध्ये थोरला एकटा. उद्याची मजा आजच थोडी चाखावी म्हणून तो पहिल्या यंत्राखाली शिरला. चिकटा खरवडला. खाली पिवळी रेघ. बारीक, सरळ, केसाइतकीही मोडलेली नाही. 'रेघ काय, नंतरही ओढता येते,' असं म्हणत त्याने पाना लावला. बोल्ट ढिला नव्हता. चांगला घट्ट होता. नळीशिवाय, डाव्या हाताने, जरा दम लावून ओढल्यावर तो गुमान फिरला. बाहेर काढला तर पेचाच्या आट्यांना वंगणाचा पातळ हात दिलेला, गंजाचा कण नाही. दुसरा तसाच. तिसराही तसाच.

थोरल्याने ते तिन्ही परत होते तेवढेच आवळले आणि चडफडत दुसऱ्या यंत्राखाली गेला. तिथे लाल रेघा. पाना लावला, ओढला. हलला नाही. नळी लावली. हलला नाही. खांद्यातून कळ गेली तशी त्याने दात-ओठ खाल्ले आणि दुसऱ्या बोल्टकडे वळला. तोही हलला नाही. तिसऱ्याचं तर डोकंच आवळून आवळून किंचित मुरगळलं होतं.

तो तसाच पडून राहिला. मग त्याच्या मनात एक विचार आला, आणि तो येऊ नये म्हणून तो घाईघाईने उठला. पण विचार उठून त्याच्याबरोबर आला. रांगेत आणखी चार यंत्रं उभी होती. त्याने प्रत्येकाखाली वाकून चिकटा खरवडला आणि पाना लावला. पिवळा सुटायचा. लाल सुटायचा नाही. पिवळा. लाल. लाल. पिवळा. एकाही लालने त्याची लाज राखली नाही.

तो बोल्ट कसताना नळी लावायचा. सोडताना नळी लागते, तर कसतानाही लावावी, जोर आहे तर कंजुषी कशाला, असा त्याचा साधा हिशेब. कोरडे आटे, त्यावर नळीचा जोर, वर्षभराचा गंज. पुढच्या वर्षी तेच यंत्र परत यायचं, बोल्ट हलायचा नाही, लोक थोरल्याला बोलवा म्हणायचे, थोरला यायचा, नळी, पाय, 'हां!', टाळ्या. धाकटा येईपर्यंत शेडमधल्या सगळ्याच रेघा लाल होत्या, तेव्हा बोल्ट म्हणजे असेच असतात असं सगळे समजून चालले होते. ज्या हट्टी बोल्टांनी त्याला नाव दिलं ते त्याने स्वतःच्या हाताने हट्टी केले होते. बावीस वर्षं.

एखाद्याला अशा वेळी लाज वाटली असती. थोरल्यालाही वाटली, नाही असं नाही, पण ती टिकली दोन मिनिटं. लगेच तिच्या जागी दुसरंच काहीतरी उभं राहिलं. हे धाकट्याला ठाऊक असणार! चार वर्षं तो लाल-पिवळे बघतोय. चार वर्षं हा माणूस मनातल्या मनात आपल्याला हसतोय आणि तोंडाने 'दादा, दादा' करतोय. थोरल्याच्या डोळ्यांपुढे ती बारीक बोटं नाचायला लागली.

त्याने फळीवरून दोन्ही डबे काढले. पिवळ्या रेघा खरवडून तिथे लाल ओढल्या, लाल खरवडून तिथे पिवळ्या. सहा बोल्ट, सहा रेघा. वरून चिखल आणि काळा चिकटा चोळला. यंत्रं जुळी, आत मिस्त्रींचे पांढरे ठिपके दोन्हीकडे सारखेच. कोण ओळखणार होतं? हात धुताना त्याच्या लक्षात आलं की आपण हसतोय.

सकाळी मिस्त्रींची खुर्ची यंत्रांशेजारी मांडली. बागवाल्या बाई चष्मा दोरीला अडकवून उभ्या होत्या. सासूबाई चहा ठेवायला म्हणून आल्या आणि तिथेच थांबल्या. मिस्त्री दोघांच्या आधाराने खाली बसले नि पिवळ्या रेघेच्या बोल्टला पाना लावून त्यांनी ओढला. पुन्हा ओढला. चेहरा लाल झाला.

"थोरल्या, हा ढिला म्हणत होतास ना तू? हा तर वितळून बसल्यासारखा बसलाय." मग ते धाकट्याकडे वळले. "एवढं आवळतात का रे? आटे मरतात अशाने. हे तुझं काम?"

धाकटा वाकला. त्याने रेघेवरून अंगठा फिरवला, अंगठ्याला लागलेल्या ताज्या रंगाकडे बघितलं, आणि मग फक्त एकदाच, फार थोडा वेळ, थोरल्याकडे बघितलं. धाकट्याने अंगठा फडक्यात पुसला.

"पिवळा आहे म्हणजे माझंच," तो म्हणाला.

मिस्त्री सरकत सरकत दुसऱ्या यंत्राशी गेले. लाल रेघ. पाना लावला, दम लावून ओढला, आणि बोल्ट फिरला. त्यांनी तो बाहेर काढून उजेडात धरला. वंगण लावलेले, लखलखीत आटे. म्हाताऱ्याच्या तोंडावर असा आनंद पसरला की थोरल्याने तो बावीस वर्षांत बघितला नव्हता.

"बघा बाई, याला म्हणतात कसणं! वर्षभर जागचा हलला नाही आणि सोडायला सरळ. थोरल्या, लेका, मी तुला आजवर नुसता नळीचा माणूस समजत होतो. इतकं नाजूक काम तुझ्या हातात आहे हे मला कधी दिसलंच नाही."

हेच ऐकायला थोरला बावीस वर्षं थांबला होता. अगदी याच शब्दांसाठी. आणि ते शब्द दुसऱ्याचे होते. त्याच्या तोंडावर टाकलेले, पण त्यावर पत्ता धाकट्याचा. मिस्त्रींनी पांढरा डबा उचलून त्याच्यापुढे ठेवला. "धर. आजपासून तुझा हात." सासूबाईंनी कौतुकाने मान हलवली. बागवाल्या बाई म्हणाल्या, "मला वाटलं होतं दुसऱ्यांना मिळेल." थोरल्याने डब्याला हात लावला नाही. तो म्हणाला, "आधी ते अडकलेले बोल्ट सोडवतो," आणि घाईघाईने यंत्राखाली शिरला.

धाकटा आधीच खाली होता, तेलाची बाटली घेऊन. दोघं शेजारी शेजारी उताणे पडले. वर तीन पाती, पात्यांच्या पलीकडे थोडा उजेड. थोरल्याने नळी लावून ओढायचा प्रयत्न केला आणि त्याच्या तोंडून असं कण्हणं बाहेर पडलं की ते लपवता आलं नाही.

"राहू द्या, दादा," धाकटा हळूच म्हणाला. "तेल मुरू द्या."

"तू बोलला का नाहीस?" थोरल्याने विचारलं. आवाज त्याला पाहिजे होता तसा दरडावणीचा निघालाच नाही.

"कशाला बोलायचं? तुमच्या खांद्याचं मला ठाऊक आहे. नळी अजून किती दिवस ओढणार? शेवटच्या हाताला जोर लागत नाही, नुसतं बघायचं असतं. डबा तुम्हालाच बरा. मला काय, माझी बोटं धड आहेत."

"खांद्याचं कुणी सांगितलं?"

"ताईंनी. पार मागच्या वर्षी. म्हणाल्या, त्यांना कळू देऊ नका, पण जड काम त्यांच्या वाट्याला येऊ देऊ नका."

थोरला पात्याकडे बघत राहिला. बायको! घरात आपण याची नक्कल करत होतो आणि ती आपला खांदा याच्या हवाली करून आली होती. आणि हा वर्षभर जड बोल्ट आपल्या वाट्याला येऊ देत नव्हता, आणि आपल्याला वाटत होतं की हा आपली गिऱ्हाइकं पळवतोय. आता चोरलेला डबाही तो आपल्याला देऊन टाकत होता, लंगड्याला बसायला जागा द्यावी तसा. वर तोंडातून एक शब्द नाही. हा माणूस बोल्टात पुढे गेला, चहात पुढे गेला, बायकोच्या भरवशात पुढे गेला, आणि आता चांगुलपणातही पुढे जाऊन बसला होता. बाकी सगळं थोरल्याने एक वेळ सोसलं असतं. हे त्याला सोसवेना.

कुणी म्हणेल त्याला पश्चात्ताप झाला. झालाही असेल, पुढे कधीतरी. त्या क्षणी मात्र त्याला यंत्राखालून बाहेर ओढलं ते जुन्याच जळफळाटाने. याची भीक घेऊन जगण्यापेक्षा चार माणसांत तोंड काळं झालेलं बरं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"मामा," तो उभा राहून म्हणाला, "तो आवळून बसवलेला बोल्ट माझा आहे. तुमच्या हातातला त्याचा. काल दुपारी मी रंग बदलले."

चहा ओतता ओतता सासूबाईंचा हात थांबला. बागवाल्या बाईंनी चष्मा लावला, जणू काही चष्म्याने जास्त ऐकू येतं.

"का?" मिस्त्रींनी विचारलं.

"जळलो. तो माझ्यापुढे जातोय ते बघवेना." एवढं बोलल्यावर थांबण्यात अर्थ नव्हता. "आणि नुसते हेच नाहीत. रांगेतले सगळे लाल बघा. मी दरवर्षी ज्यांच्याशी कुस्ती खेळलो ते सगळे बोल्ट मीच तसे आवळलेले. तुम्ही सगळ्यांनी मला शाबासकी दिलीत ती त्याची."

मिस्त्री ओरडले असते तर थोरल्याला बरं वाटलं असतं. त्यांनी पांढरा डबा उचलला, मांडीवर ठेवला आणि त्याच्या झाकणावरून बोट फिरवत बसले. धाकटा यंत्राखालून निम्मा बाहेर आला होता आणि कुठे बघावं ते त्याला कळत नव्हतं.

"माझ्या डोळ्यांदेखत बावीस वर्षं," मिस्त्री म्हणाले. "ढिला आहे का तेवढंच मी बघत आलो. जास्त घट्ट आहे का, हे मला कधी सुचलंच नाही." मग त्यांनी डबा धाकट्याकडे सरकवला. "घे. आणि आता पाती लावा. बाई खोळंबल्यात."

तेल मुरलं होतं. धाकट्याने सांगितल्याप्रमाणे थोरल्याने आधी केसभर आवळलं, मग सोडलं, आणि स्वतःच आवळलेला बोल्ट त्याच्या हातात नळीशिवाय आला. यंत्राखाली कुणी बघायला नव्हतं. त्याने आटे पुसले, वंगणाचा पातळ हात दिला, नवं पातं लावलं, बोल्ट घातला आणि पाना हातात घेऊन अडला. किती कसायचं? सगळा जन्म हे काम केलेल्या माणसाला हा प्रश्न पहिल्यांदाच पडला होता. त्याने हाताने ओढलं, बोल्ट बसल्याचं जाणवलं, नळीकडे नजर गेली, आणि तो थांबला. लाल रेघ ओढली. मग यंत्राबाहेर येऊन उभा राहिला.

धाकटा खाली गेला. त्याने पाना लावला. थोरल्याला त्याचे फक्त पाय दिसत होते. वेळ किती गेला असेल, चार श्वासांइतका. पण बावीस वर्षं मिस्त्री खाली गेले की थोरला बाहेर विडी पेटवायचा, आणि आज त्याच्याने श्वासही घेववेना. त्या बारीक बोटांनी नापास करू नये, एवढंच त्याला हवं होतं. कधी काही इतकं हवंसं वाटल्याचं त्याला आठवेना, आणि ते याच्याकडून हवं आहे याचा त्याला भयंकर राग आला.

"बरोबर आहे, दादा," आतून आवाज आला. "अगदी बरोबर." आणि त्याने लाल रेघेशेजारी पांढरा ठिपका दिला.

थोरल्याच्या छातीतून श्वास सुटला. डोळे भरून यायला लागले तसा तो पटकन खाली वाकला, पांढऱ्या ठिपक्याकडे बारकाईने बघितलं आणि म्हणाला, "ठिपका वाकडा आलाय. मामांचा कधी यायचा नाही."